यादीत पहिले काम कुणाचे?

कामांची यादी करा, महत्त्वाचे आधी उरका, बाकीचे दुसऱ्यावर सोपवा, हा सल्ला प्रशिक्षण शिबिरांतून आपल्याला नेहमी मिळतो. त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे सोपवायला घरात कुणीतरी आहे. बाईने कुणावर सोपवायचे?

देशाच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जात होती, पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. बाईची दहा मिनिटे वाचली ती पुरुषाने उचलली म्हणावे, तर त्याचीही नऊ कमीच झाली!

मंगरूळपीर तालुक्यात सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मजूर बाईची यादी पहाटेच सुरू होते. पाणी, स्वयंपाक, डबे, मुले, दुसऱ्याचे वावर आणि परत स्वयंपाक. हा क्रम तिने लावलेला नसतो. जे राहिले तर घरात आरडाओरडा होतो ते काम वर जाते. तिची तपासणी, तिचा अर्ज, तिचा कागद राहिला तर कुणी ओरडत नाही, म्हणून तो तळाशी जातो.

आणि मुदत नेमकी तळाशी गेलेल्या कामांनाच असते. नवरा वारल्यावर जमिनीवरचा वारसहक्क तीन महिन्यांत तलाठी कार्यालयात कळवायचा असतो. उशिरानेही नोंद होते, पण तोवर सासरच्यांनी आपली बाजू पक्की केलेली असू शकते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रार तीन महिन्यांत करायची. पुढची तीन महिन्यांची सवलत समितीला कारण पटले तरच. कायद्याने गर्भपात सर्वसाधारणपणे २० आठवड्यांपर्यंत आणि ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी २४ आठवड्यांपर्यंत करता येतो. भांडी उद्या घासता येतात, गेलेला आठवडा परत आणता येत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, कामांचा क्रम लावणे ही एकेकीच्या हुशारीची बाब नाही. ते सत्तेचे प्रकरण आहे. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब होतो, तशी महिन्यातून एकदा प्रत्येकीची यादीही मोठ्याने वाचली जावी. दोनच प्रश्न विचारावेत. आज हे केले नाही तर कायमचे काय हातचे जाईल? आणि हे दुसरे कोण करू शकेल? या ‘कोण’मध्ये नवरा, मुलगा, दीर यांची नावे घ्यायला लाजू नये. जिला तहसीलला जायचे आहे तिच्यासोबत गटातली एक जाईल, त्या दिवशीचा स्वयंपाक घरातला पुरुष करील, असे तिथेच ठरावे आणि पुढच्या बैठकीत विचारले जावे.

आपल्या संस्थांनीही हाच हिशेब स्वतःला लावावा. महिनाअखेरच्या अहवालासाठी दारात आलेल्या बाईला ‘पुढच्या आठवड्यात ये’ सांगितले जात असेल, तर आपल्या यादीचा क्रमही दुसऱ्याच कुणीतरी लावलेला आहे.