आजार आपला, पेशी मात्र दुसऱ्यांच्या

लघवी. हो, बरोबर वाचलंत. रोज सकाळी आपण जी फ्लश करून मोकळे होतो, तिच्यात मूत्रमार्गाच्या अस्तरातल्या काही जिवंत पेशी असतात. चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०११ मध्ये त्या गोळा करून त्यांच्यापासून स्टेम सेल तयार केल्या. ऑपरेशन नाही, सुई नाही. काही मिलिलिटर रक्तातूनही हे जमतं.

याचं मूळ जपानच्या शिन्या यामानाका यांच्या कामात आहे. २००६ मध्ये त्यांनी उंदराच्या साध्या पेशींत चार जनुकं घातली आणि त्या पेशींची पाटी पुन्हा कोरी करून दाखवली. पुढच्याच वर्षी माणसाच्या त्वचेतल्या पेशींवर तेच केलं, २०१२ मध्ये जॉन गर्डन यांच्यासोबत नोबेल मिळालं. अशा कोऱ्या पेशीपासून हृदयाची, मेंदूची, रक्ताची पेशी घडवता येते.

मग वर्ध्यात बसून आपण हे काहून वाचायचं?

कारण या तंत्राने एखादा आजार बरा करता येतो का, हे पहिल्यांदा ज्या आजारावर पाहिलं गेलं तो सिकलसेल होता. २००७ मध्ये अमेरिकेत रुडॉल्फ येनिश यांच्या प्रयोगशाळेत सिकलसेल झालेल्या उंदराच्या शेपटीतून पेशी घेतल्या, त्या कोऱ्या केल्या, जनुकातलं चुकलेलं एक अक्षर दुरुस्त केलं, त्यांच्यापासून रक्त तयार करणाऱ्या पेशी बनवल्या आणि त्याच जातीच्या आजारी उंदरांना दिल्या. उंदरांची तब्येत सुधारली. नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भात हा आजार असल्याचं १९५८ मध्येच नोंदवून ठेवलंय. ‘एएस’ म्हणजे वाहक आणि ‘एसएस’ म्हणजे रुग्ण, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एसएस असलेला मित्र पेपरच्या आदल्या दिवशी हाडं ठणकून अॅडमिट का होतो, तेही नाही. (तुमची स्वतःची तपासणी झालीय ना? सरकारी दवाखान्यात बोटाच्या थेंबावर, फुकटात होते.)

पण उंदीर बरा झाला म्हणजे उपचार आला, असं नाही. त्या प्रयोगात विषाणू वापरले होते, आणि चारपैकी एक जनुक कॅन्सरशी संबंधित आहे. कोऱ्या पेशींपासून टिकाऊ रक्तपेशी बनवणं तर इतकं अवघड की मेलबर्नच्या संशोधकांना माणसाच्या अशा पेशी उंदराच्या शरीरात रुजवता आल्या त्या २०२४ मध्ये. त्यामुळे आज कुणी ‘स्टेम सेलने सिकलसेल गायब’ म्हणून पॅकेज सांगत असेल, तर पैसे खिशातच ठेवा. बोन मॅरो ट्रान्सप्लांट खरं आहे, पण ती वेगळी गोष्ट. अमेरिका-ब्रिटनने २०२३ मध्ये मंजूर केलेला जनुक-उपचारही वेगळा. त्याची अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

आज या पेशींचा खरा उपयोग काचेच्या बशीत आहे. रुग्णाच्या पेशी तिथे वाढवायच्या आणि औषध आधी त्यांच्यावर तपासायचं. बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सिकलसेल रुग्णांच्या अशा पेशींचा संग्रह जाहीर केला. त्यात अमेरिका, ब्राझील आणि सौदी अरेबियातले रुग्ण आहेत. आता गंमत बघा. चुकलेलं अक्षर जगभर तेच, पण त्याच्या आजूबाजूची जनुकीय ठेवण वेगवेगळी असते, आणि आजार किती त्रास देणार हे त्यावरही ठरतं. आपल्याकडच्या ठेवणीचं नावच ‘अरब-इंडियन’. त्यातल्या अरबांच्या पेशी संग्रहात आल्या, आपण नावापुरते. ही ठेवण सौम्य असं पुस्तकात वाचायला मिळतं. नागपूरच्या डॉक्टरांनी मात्र विदर्भातल्या मुलांमध्ये तीव्र आजार नोंदवलाय. म्हणजे सौदी रुग्णाच्या पेशीवर मिळालेलं उत्तर देवळी-आर्वीच्या पोराला लागू पडेलच, असं नाही.

म्हणून विदर्भाचा स्वतःचा पेशीसंग्रह हवा, आणि तो वर्ध्यात का नसावा? सेवाग्रामला १९६९ पासून मेडिकल कॉलेज आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत ७ कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, म्हणजे सुई तशीही टोचली जातेच.

फक्त एक अट. १९५१ मध्ये अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या; त्यावर कंपन्यांनी पैसा कमावला आणि घरच्यांना कित्येक वर्षं पत्ता नव्हता. आपल्याकडे नमुना मागितला जाईल तो बहुतेक दलित, आदिवासी, ओबीसी घरांत. तपासणीच्या कागदाखालीच संशोधनाची सही उरकून घेतली, असं चालणार नाही. संमतीचा कागद वेगळा हवा, आणि मराठीत हवा. पेशी कुठे ठेवणार, कोणत्या कंपनीला देणार, त्यातून औषध निघालं तर ते आम्हाला कितीत मिळणार, आणि उद्या मन बदललं तर नमुना नष्ट करणार का, हे त्यात लिहिलेलं नसेल तर सही करू नका. घरी आई-बाबांसमोर असा कागद आला, तर तो तुम्हीच वाचून दाखवा.