पिवळी पिन कुठे खोचायची?

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात आमच्या वन्सं फलटणहून पुण्याला आल्या त्या एक जड पिशवी घेऊनच. आत जुना व्हीसीआर आणि त्यांच्या लग्नाची, १९९२ सालची कॅसेट. "वहिनी, तुमचा टीव्ही मोठा आहे, इथे लावू या. आईचा उखाणा आहे त्यात." सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज मात्र या एका कॅसेटमध्येच.

पिवळी, पांढरी, लाल अशी तीन पिनांची वायर काढली, तर आमच्या टीव्हीला ती भोकंच नाहीत! वन्संचा चेहरा उतरला. जणू चूक त्यांचीच.

पण चूक आपली नाही, बरं का. २०१२ पासून केबल टप्प्याटप्प्याने डिजिटल झाली. पुण्याची मुदत ३१ मार्च २०१३ होती, छोट्या गावांची शेवटची मुदत मार्च २०१७. तेव्हा घरोघरी सेट टॉप बॉक्स आला. नवा सिग्नल जुन्या टीव्हीला कळेल असा करून देणं, हेच त्याचं काम. जुन्या टीव्हीची सोय झाली, कारण ती केली नसती तर केबलचं बिल कोण भरणार होतं? आता प्रसंग उलटा आहे. टीव्ही नवा, मशीन जुनं. यात दरमहा कुणाला काही मिळायचं नाही, म्हणून घाईही कुणाला नाही. नवे व्हीसीआर तर बनतच नाहीत. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैत ते बनवणं थांबवलं. सुटे भागच मिळेनात.

मग गाठली तापकीर गल्ली. मधे जोडायची काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते. पण तिच्यावर 'एव्ही टू एचडीएमआय' लिहिलेलं हवं. मला पहिल्यांदा 'एचडीएमआय टू एव्ही' दिली गेली, दिसायला अगदी तशीच! ती उलट्या कामाची. परत हेलपाटा. डबीला वीजही लागते, तिची छोटी वायर मोबाइलच्या चार्जरला लावायची. चित्र काळंपांढरं आलं आणि डबीवर 'पाल'चं बटण असेल तर ते 'पाल'वर करा, आपल्याकडचं रेकॉर्डिंग बहुधा त्याच पद्धतीचं असतं. माणसं आडवी फुगलेली दिसली तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ४:३ निवडा. आणि डबी घेण्याआधी टीव्हीच्या मागे 'एव्ही' लिहिलेलं एखादं बारीक गोल भोक आहे का, ते बघा. असेल तर टीव्हीसोबत आलेल्या छोट्या वायरीवरही भागतं.

चित्र पुसटच दिसतं. तो बिघाड नव्हे, कॅसेटमध्ये मुळात तेवढंच असतं.

खरी काळजी फितीची. आपल्या पावसाळी हवेत तिला पांढरी बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, फीत तुटते आणि मशीनचं हेडही खराब होतं. पुण्यातच लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. सिनेमांची जुनी रिळं वाचवण्यासाठी सरकारने ५९७ कोटींची मोहीम आखली. चांगलंच केलं. पण तुमच्या-माझ्या डोहाळजेवणाची कॅसेट कोण वाचवणार? ती कपाटात साड्यांखाली आपणच ठेवलेली असते, आणि घर आवरताना "हे भंगार काढा" असंही आपल्यालाच ऐकवलं जातं. तेव्हा नुसती टीव्हीवर बघून समाधान मानू नका, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. दर आधी विचारा, कॅसेट परत मागा, आणि दोन प्रती दोन घरांत ठेवा.

आमच्याकडे अखेर चित्र आलं. सासूबाई पदर सावरत उखाणा घेतात आणि मामंजींच्या नावापाशी हसू येऊन अडखळतात. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, परत लावा ना."

"आधी उतरवून आणू," मी म्हटलं, आणि कॅसेट बाहेर काढली.