कोकणात जायला समुद्र का नको?

गणपती जवळ आले की हॉस्टेलमध्ये एकच विषय. "गाडीचं बुकिंग मिळालं का रे?" आम्हा कोकणातल्या पोरांची कथा अशी, की पुनावळ्याच्या भुयारी मार्गातलं ट्रॅफिक पार करून, ताम्हिणी घाट उतरून माणगावला पोचलो, की मुंबईहून येणाऱ्या गर्दीत अडकायचं. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 मध्ये सुरू झालं, दशक उलटलं तरी पुरं झालं नाही. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, पण रूळ बहुतेक ठिकाणी एकेरीच. मग समुद्राने काय घोडं मारलंय?

आपल्या आजोबांना विचारा. भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचं आणि रत्नागिरी, मालवण, पणजी गाठायचं, हा तेव्हा नेहमीचा प्रवास होता. ऐंशीच्या दशकानंतर तो संपल्यात जमा झाला. अर्थात त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत. बऱ्याच बंदरांत बोट लांब उभी राहायची आणि पडावातून किनारा गाठावा लागे. पावसाळ्यात तर सगळंच बंद. 17 जुलै 1947 ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसं गेली, हेही विसरून चालणार नाही.

म्हणूनच माझं मत असं, की बोटींच्या घोषणा पुष्कळ झाल्या, आधी धक्के बांधा! मांडव्याला लाटा अडवणारा बंधारा बांधला, म्हणूनच मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून तिथे रो-रो सुरू होऊ शकली. आता माणसं आपल्या गाड्यांसकट तासाभरात पलीकडे जातात. दाभोळ-धोपावे फेरीबोट तर 2003 पासून दापोली आणि गुहागर जोडते आहे, चिपळूणचा वळसा वाचवते आहे. म्हणजे सोय झाली की लोक येतात.

गणपती भाद्रपदात, तेव्हा समुद्र पुरता शांत नसतो. त्यामुळे मोठी बोट, खोल पाणी, आडोशाचा धक्का आणि उतरल्यावर दारात उभी एस.टी., एवढं जमलंच पाहिजे. मुंबईचे निम्मे चाकरमानी जरी बोटीने गेले, तरी माणगावपुढे आपलाही रस्ता मोकळा होईल.

सिव्हिलच्या मित्रांनो, फायनल इयरला पुन्हा एकदा पार्किंगचाच सर्व्हे करण्यापेक्षा एखाद्या खाडीतला गाळ आणि धक्का अभ्यासायला घ्या की! बघा पटतंय का.