एमबीपीएस नको, रांगेचा हिशेब द्या

नेट स्लो आहे, गेम अडकतोय, अशी तक्रार केली की कस्टमर केअरकडून ठरलेलं उत्तर येतं: ‘सर, प्लॅन अपग्रेड करून घ्या.’ शंभरचा दोनशे करा, दोनशेचा तीनशे. मी द्रोणागिरीत राहतो आणि पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. माझं म्हणणं सरळ आहे. ऑनलाइन गेम खेळणाऱ्याला दिलेला हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या रोगावरचं औषध असतो. तो पुन्हा पुन्हा दिला जातो, कारण एमबीपीएस विकता येतात. खरा रोग दुसराच आहे आणि जाहिरातीत त्याचं नाव कधी दिसत नाही.

त्या रोगाचं नाव विलंब. गेमर ज्याला पिंग म्हणतात तो. पिंग आणि एमबीपीएस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उरण परिसरात राहणाऱ्याला समजवायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. जानेवारी २०२४मध्ये उरणपर्यंत लोकल सुरू झाली, द्रोणागिरीला स्टेशन मिळालं. आता सांगा, गाडीला बारा डबे आहेत म्हणून तुम्ही नेरूळला लवकर पोचता का? डबे वाढले की जास्त माणसं मावतात. तुम्ही किती वाजता पोचणार हे मात्र पुढची गाडी कधी येते आणि वाटेत किती वेळ उभी राहते यावर ठरतं. एमबीपीएस म्हणजे डबे. पिंग म्हणजे घरातून निघून परत यायला लागलेला वेळ. कंपनी आपल्याला डबे मोजून विकते आणि आपण प्लॅटफॉर्मवर ताटकळत असतो.

गेमला तर डबे लागतच नाहीत. ‘व्हॅलोरंट’चा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती ताजी करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. पण दर वेळी जी माहिती जाते-येते ती चिमूटभर असते: कोण कुठे उभा आहे, कोणी गोळी झाडली. सगळं धरून सेकंदाला काही दहा किलोबाइट. याच्या कितीतरी पट डेटा यूट्यूबवरचा एचडी व्हिडिओ खातो. पण व्हिडिओ पुढचे काही सेकंद आधीच भरून ठेवू शकतो, त्यामुळे मध्ये अर्धा सेकंद अडलं तरी तुम्हाला कळत नाही. गेमला भविष्य भरून ठेवता येत नाही. समोरचा खेळाडू पुढच्या क्षणी काय करणार हे अजून घडलेलंच नसतं. म्हणून ज्या लाइनवर सिनेमा मस्त चालतो, त्याच लाइनवर गेममध्ये आपण मरतो. ‘स्पीड टेस्टमध्ये तर पूर्ण दोनशे येतोय’ हे कंपनीचं उत्तर म्हणूनच खरं असतं आणि निरुपयोगीही.

मग अंतर जास्त आहे का? बघू. ‘व्हॅलोरंट’चे सर्व्हर मुंबईत आहेत. द्रोणागिरीहून बंदराच्या पाण्यावरून सरळ रेषेत मुंबईचा फोर्ट भाग पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. केबल पनवेल, वाशी फिरून शंभर किलोमीटर गेली असं धरलं, तरी जाऊन परत यायला एक मिलिसेकंद लागेल. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळलात तर गोष्ट वेगळी. अंतर जवळपास चार हजार किलोमीटर, म्हणजे चाळीस मिलिसेकंदांच्या खाली येणं भौतिकशास्त्रालाच मंजूर नाही. पण मुंबईच्या सर्व्हरवर रात्री दहा वाजता पिंग दीडशे दिसत असेल, तर ते दीडशे अंतराचे नाहीत. ते रांगेचे आहेत.

रांग म्हणजे काय हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जेएनपीटीच्या वाटेवर कंटेनरच्या गाड्या लागलेल्या आपण बघत आलोय. समजा, त्या रांगेत एक ॲम्ब्युलन्स अडकली. शेजारी ट्रक उभे करायला मोठं मैदान दिलं तर तिचा काय फायदा? अजून ट्रक येऊन थांबतील, एवढंच. राउटरमध्ये असंच एक मैदान असतं, त्याला बफर म्हणतात. घरातल्या कोणाच्या फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला, दारावरच्या सीसीटीव्हीने क्लाउडवर व्हिडिओ चढवायला घेतला, की ही मोठी पॅकेट बफरमध्ये साठतात. तुमच्या गेमचं इवलंसं पॅकेट त्यांच्यामागे उभं राहतं. हिशेब करा: अपलोड १० एमबीपीएस आणि बफर १ मेगाबाइटचा असेल, तर भरलेला बफर रिकामा व्हायला ०.८ सेकंद लागतात. पिंग आठशे! डाउनलोडचा आकडा दोनशे असो की तीनशे, या रांगेला त्याचं सोयरसुतक नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर अपलोड दहाचा पन्नास झाला की रांग लवकर सरकते. पण बॅकअपला पन्नास दिले तर तो पन्नासही भरतो, जास्तीत जास्त जागा व्यापायची हा त्याचा स्वभावच आहे. रांग लावण्याची पद्धत बदलल्याशिवाय सुटका नाही.

ही पद्धत गुपित नाही, हे मला सर्वांत जास्त खटकतं. जिम गेटीस या अभियंत्याने २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या नेटचा पाठपुरावा करत या रोगाला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल नावाचा उपाय मांडला. त्यावरूनच एफक्यू-कोडेल आलं, ते त्याच वर्षी लिनक्समध्ये गेलं आणि २०१८मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांत नोंदलं गेलं. ते एवढंच करतं की प्रत्येक प्रवाहाची रांग वेगळी लावतं आणि कोणतीही रांग फार तुंबू देत नाही. ॲम्ब्युलन्सला वेगळी लेन. डेव्ह टाट या माणसाने २०२५मध्ये मृत्यू येईपर्यंत कितीतरी वर्षं याच कामात घालवली, आणि ते सॉफ्टवेअर फुकट वाटलं. तरीही कनेक्शनसोबत जो स्वस्त डबा आपल्या भिंतीवर ठोकला जातो, त्यात बहुधा ही सोय नसते. असली तर बंद असते. का? कारण ‘आमच्याकडे रांग लागत नाही’ असं लिहिलेला फ्लेक्स अजून कोणी छापलेला नाही.

नियम नाहीत असंही नाही. ट्रायच्या २००६च्या नियमावलीत देशांतर्गत विलंब १२० मिलिसेकंदांच्या आत हवा, पॅकेट लॉस एक टक्क्याच्या खाली हवा, असं स्पष्ट लिहिलं होतं. २०२४मध्ये नवी नियमावली आली, १ ऑक्टोबरपासून लागू झाली, निकष आणखी कडक झाले. पण २००६च्या त्या नियमात मोजणी कुठून सुरू होत होती बघा: कंपनीच्या केंद्रापासून पुढे. तुमच्या घरापासून केंद्रापर्यंतचा तुकडा, जिथे वायर लोंबकळते, तोच मोजपट्टीच्या बाहेर. आणि सरासरीचं काय? पहाटे चारचा पिंग आणि रात्री दहाचा पिंग मिळवून काढलेला आकडा छान दिसतो. खेळणारा रात्री दहाला खेळतो.

म्हणून मोजपट्टी आपण हातात घ्यायची. फोनवर पिंग दाखवणारी फुकट ॲप्स मिळतात, कॉम्प्युटरवर तर ती कमांड असतेच. चार गोष्टी करा, याच क्रमाने.

पहिली, स्वतःच्या राउटरला पिंग करा, बहुधा १९२.१६८.१.१. आकडा एक ते पाचच्या आसपास स्थिर हवा. तो मध्येच पन्नास, शंभरवर उड्या मारत असेल तर दोष घरातच आहे, वायफायमध्ये. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यावर अख्ख्या इमारतीची गर्दी. ५ गिगाहर्ट्झवर या, नाहीतर काही शे रुपयांची लॅन केबल टाका. गेमसाठी केबलसारखं औषध नाही.

दुसरी, पिंग चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून एक मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. पिंग वीसचा तीनशे झाला तर बफरब्लोट सापडला. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘एसक्यूएम’ किंवा ‘स्मार्ट क्यू’ शोधा आणि मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर ठेवा. हो, मुद्दाम थोडा वेग सोडून द्यायचा, म्हणजे रांगेचा ताबा आपल्याकडे राहतो.

तिसरी, घरातलं बाकी सगळं बंद, केबल जोडलेली, आणि गेमच्या सर्व्हरचा किंवा एखाद्या ठरावीक पत्त्याचा पिंग सकाळी सहाला आणि रात्री दहाला घ्या. आठवडाभर. सकाळी आठ आणि रात्री ऐंशी असा नमुना रोज दिसला तर गर्दी घराबाहेर आहे, कंपनीने एका लाइनवर झेपतील त्यापेक्षा जास्त घरं बसवली आहेत.

चौथी, ट्रेसरूट काढा. मधल्या एखाद्या टप्प्याचा आकडा मोठा आणि पुढचे लहान असतील तर घाबरू नका, तो राउटर फक्त तुमच्या चाचणीला उत्तर द्यायला आळस करतोय. पण एका टप्प्यापासून शेवटपर्यंत आकडा वाढलेलाच राहिला तर तिथे पाणी मुरतंय. मुंबईहून मुंबईत जाणारं पॅकेट परदेश फिरून येतं, असंही घडतं. देशातला डेटा देशातच फिरावा म्हणून २००३मध्ये निक्सी ही संस्था उभी राहिली ती याचसाठी.

आणि हे करू नका: ‘पिंग बूस्टर’ ॲपना पैसे देऊ नका. मार्गच वाकडा असेल तर त्यांचा कधी उपयोग होतो, पण रांग तुमच्या राउटरमध्ये असेल तर ते काय करणार? डीएनएस बदलून पिंग कमी होत नाही. डीएनएस फक्त पत्ता शोधून देतो, रस्ता रुंद करत नाही. सहा अँटेनांचा, लाल दिवे लावलेला ‘गेमिंग’ राउटरसुद्धा घराबाहेरच्या गर्दीपुढे शोभेची वस्तू ठरतो.

आता घराबाहेरचं. द्रोणागिरीतल्या बऱ्याच इमारती साडेबारा टक्के योजनेतल्या सुट्या भूखंडांवर उभ्या राहिल्या आहेत. एकेक इमारत वेगळी, एकेक बिल्डर वेगळा. पाण्याची पाइप, लिफ्टचा खड्डा सगळं नकाशात असतं. फायबरसाठी नळी मात्र कुणाच्या नकाशात नसते. मग वायर खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून शेजारच्या गच्चीवर. पावसाळ्यात वाऱ्याने हलते, खाऱ्या हवेत जोड खराब होतात. त्यात आमच्या इमारतीसारखी एकाच कंपनीला दार उघडं ठेवणारी कमिटी असेल तर ‘दुसरं कनेक्शन घ्या’ हा सल्लाही बाद. ट्रायने ऑक्टोबर २०२४मध्ये इमारतींना डिजिटल कनेक्टिव्हिटीचं रेटिंग देण्याची नियमावली आणली आहे. फ्लॅट बघायला येणाऱ्याने कार पार्किंगसोबत हेही विचारलं तर बिल्डरला नळी सुचेल.

यावर हमखास येणारा टोमणा मला माहीत आहे. ‘गेमच तर खेळतोस, त्यासाठी एवढं?’ हे वडील म्हणतात, कमिटीचे सेक्रेटरी म्हणतात, आणि वायर बघायला आलेला मुलगाही म्हणतो. पण २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालतानाच ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली आहे. ते सोडा. गेमचं पॅकेट आणि नोकरीच्या व्हिडिओ मुलाखतीचं पॅकेट राउटरमधल्या एकाच रांगेत उभं असतं. मुलाखतीत आवाज तुटला की उमेदवार अडखळला असं समोरच्याला वाटतं. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलताना आजी ‘ऐकू येत नाही’ म्हणते तेव्हा दोष तिच्या कानाला दिला जातो. फरक इतकाच की आजी पिंग बघत नाही. गेमर बघतो, स्क्रीनच्या कोपऱ्यात, दर सेकंदाला. अख्ख्या इमारतीत नेटवर्कची नाडी धरून बसलेला तो एकटा माणूस आहे. त्याला उनाड ठरवणं म्हणजे थर्मामीटर फोडून ताप गेला म्हणणं.

छोट्या केबलवाल्यांची बाजू मला मान्य आहे. महिन्याला पाचशे रुपयांत कोणी प्रत्येक घराला स्वतंत्र रस्ता देऊ शकत नाही, लाइन वाटूनच घ्यावी लागते. चमत्कार कोणीच मागत नाहीये. मागणी खरेपणाची आहे. प्लॅनच्या पानावर एमबीपीएसच्या शेजारी दुसरा आकडा छापा: रात्री नऊ ते अकरा, लाइन भरलेली असताना, ग्राहकाच्या दारात किती विलंब. तो छापला गेला की त्याच्यावरून स्पर्धा होईल, आणि स्पर्धा झाली की भिंतीवरच्या डब्यात एफक्यू-कोडेल आपोआप चालू होईल.

तोवर ‘नेट स्लो आहे’ हे वाक्य वापरणं बंद करा. त्याला उत्तर म्हणून अपग्रेडच मिळणार. आठवड्याच्या नोंदी समोर ठेवून सांगा: केबलवर, घरातलं सगळं बंद असताना, सकाळी इतका पिंग, रात्री इतका. डॉकेट नंबर मागा. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. एका घराची तक्रार कटकट म्हणून सोडून देता येते. एकाच इमारतीतल्या दहा घरांनी एकाच रात्रीचे आकडे पाठवले, तर त्यांना प्लॅन विकून गप्प करता येत नाही.