वीसवर थांबा

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा देशातला पहिला प्रयोग २००१ साली तीन ठिकाणी झाला. त्यातली दोन आपल्या राज्यातली, मिरज आणि मनमाड. तिसरे उत्तर प्रदेशातले बरेली. पुढे पंधरा वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, त्याच मिरजेहून तहानलेल्या लातूरला रेल्वेने पाणी गेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. नंतरच्या पन्नास वाघिणींच्या गाडीने एका खेपेत पंचवीस लाख लिटर नेले. आता नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉल आराखडा उघडावा. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी खर्च होते, असे त्यात आयोगानेच लिहून ठेवले आहे. हा उसाच्या संपूर्ण वाढीचा हिशेब आहे. भागाकार केला तर त्या पन्नास वाघिणींच्या पाण्यात पावणेनऊशे लिटरही इथेनॉल होत नाही. वीस-पंचवीस मोटारींच्या टाक्या भरतील, एवढेच. आणि ज्या हंगामाच्या शेवटी ती गाडी धावली, त्याच हंगामात लातूर जिल्ह्यातल्या कारखान्यांनी ऊस गाळला होता.

हे इथेनॉलच्या सरसकट विरोधात नाही. मूळ कल्पना रास्त होती. साखर काढून झाल्यावर उरणारी मळी, म्हणजे कारखान्याच्या भाषेत सी-हेवी, तिचे इंधन करायचे. साखर गोदामात पडून, बँकेचे व्याज चढते आणि शेतकऱ्याची एफआरपी, म्हणजे उसाची रास्त किंमत, थकलेली, अशा अवस्थेतल्या कारखान्याला तेल कंपन्यांकडून वेळेवर मिळणारा पैसा हा खरोखरच आधार होता. कोल्हापूर-सांगलीच्या ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. २०१३-१४ मध्ये दीड टक्का असलेले मिश्रण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेले. २०३० चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले. दहा-अकरा वर्षांत १.४४ लाख कोटी रुपयांचे परकीय चलन वाचले, असा पेट्रोलियम मंत्रालयाचा दावा आहे. यश मोठे आहे. प्रश्न आहे तो, या यशासाठी आता टाकीत काय ओतले जाते, हा.

२०२५-२६ या पुरवठा वर्षासाठी तेल कंपन्यांनी सुमारे १,०४८ कोटी लिटर इथेनॉलचे वाटप केले. त्यात मका ४५.६८ टक्के, अन्न महामंडळाचा तांदूळ २२.२६ टक्के, खराब धान्य साडेचार टक्के. थेट उसाचा रस १५.८२ आणि बी-हेवी, म्हणजे थोडी साखर तशीच ठेवलेली मळी, १०.५४ टक्के. आणि ज्या मळीच्या नावाने ही सारी योजना उभी राहिली, त्या सी-हेवीचा वाटा १.१६ टक्के! म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश इथेनॉल धान्याचे आणि उरलेल्यातले बहुतेक, ज्याची साखर झाली असती अशा उसाचे. टाकाऊतून टिकाऊ म्हणून सुरू झालेली योजना टाकाऊ वस्तूला सोडून केव्हाच पुढे निघून गेली आहे.

ही वाट कशी वळली? २०२३ चा ऑगस्ट गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. उसाचे पीक घटणार, साखर महागणार आणि समोर लोकसभेची निवडणूक, हे दिसताच ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली. आठवड्यात ती थोडी सैल केली आणि १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. व्याज सवलतीच्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखान्यांचे तोंडचे पाणी पळाले. पण मिश्रणाचा टक्का खाली आला नाही. पाऊस पडला नाही, ऊस वाळला, तरी टक्का वर चढत राहिला. ऊस नाही तर मका, मका नाही तर तांदूळ. पूर्वी शिल्लक होती म्हणून इथेनॉल होत असे. आता इथेनॉल करायचे म्हणून शिल्लक शोधली जाते. धोक्याची घंटा वाजायला हवी ती इथे.

मक्याचे काय झाले ते पाहा. मक्यापासूनच्या इथेनॉलला सरकारने लिटरला ७१ रुपये ८६ पैसे दर दिला. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा देश २०२४ मध्ये आयात करू लागला. म्यानमार आणि युक्रेनचा मका बंदरांवर उतरला. खाद्य महागल्याने कोंबडीपालन करणारे बिनशुल्क आयात मागू लागले. यात निदान मका उत्पादकाचे भले झाले असे म्हणावे, तर २०२५ च्या नोव्हेंबरात कर्नाटकातले शेतकरी रस्त्यावर उतरले होते. हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये आणि बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली. डिस्टिलऱ्यांनी आमचा मका घ्यावा, ही त्यांची मागणी होती. भाव चढला तेव्हा सगळ्यांना मका पेरायला सांगितले आणि पीक आले तेव्हा खरेदीदार तांदळाकडेही वळलेला होता.

मराठवाड्याला बसलेला फटका आणखी आडवाटेने आला आणि त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. मका किंवा तांदूळ आंबवून अल्कोहोल काढले की मागे प्रथिनयुक्त चोथा उरतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. धान्याच्या डिस्टिलऱ्या वाढल्या तसा हा चोथा ढिगाने बाजारात आला, तोही स्वस्त. पोल्ट्री आणि पशुखाद्याच्या कारखान्यांनी सोयापेंड कमी करून तो घ्यायला सुरुवात केली. पेंडीला मागणी नाही म्हणजे सोयाबीनला उठाव नाही. सोयाबीनची बहुतेक किंमत तेलापेक्षा पेंडीवर ठरते. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना लातूरच्या बाजारात सोयाबीन चार हजारांच्या आसपास रेंगाळले. एकट्या डीडीजीएसवर सारा दोष ढकलता येणार नाही, जगाचा बाजारही पडलेला होता. तरी कमी पाण्यावर, पावसाच्या भरवशावर येणारे जे प्रमुख नगदी पीक कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात होते, त्याच्या पायाखालची जमीन इथेनॉलने भुसभुशीत केली. २०२५ च्या खरिपात देशात मक्याचे क्षेत्र वाढले, सोयाबीनचे घटले. खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल आपण बाहेरून आणतो. कच्च्या तेलाची आयात वाचवायची आणि पामतेलाची वाढवायची, यातून परकीय चलन नेमके किती वाचले, हा हिशेब मंत्रालयाच्या पत्रकांत सापडत नाही.

तांदळाचा हिशेब तर सरळच करता येतो. अन्न महामंडळाला एक किलो तांदूळ खरेदी, भरडाई, वाहतूक, साठवण धरून सुमारे चाळीस रुपयांना पडतो. डिस्टिलऱ्यांना तो २०२५ मध्ये साडेबावीस रुपयांनी दिला गेला आणि त्या वर्षासाठी ५२ लाख टन राखून ठेवला गेला. एका लिटर इथेनॉलला दोन किलोहून थोडा अधिक तांदूळ लागतो. म्हणजे लिटरमागे पस्तीस रुपयांच्या वर करदात्याचे पैसे, पंपावर भरतो त्याशिवाय. गोदामे ओसंडत आहेत, तांदूळ सडण्यापेक्षा हे बरे, असा युक्तिवाद होतो. पण गोदामे का ओसंडतात? पंजाब-हरियाणाचे भूजल उपसून पिकवलेला भात सरकारच हमीने घेते म्हणून. एका चुकीच्या प्रोत्साहनाचा माल दुसऱ्या प्रोत्साहनाने जाळायचा आणि दोन्हीकडे पाठ थोपटून घ्यायची!

गाडीवाल्याच्या तक्रारीवर आधीच इतके बोलले गेले आहे, की इथे थोडक्यात. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा असते. नीती आयोगाच्याच आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्के, दुचाकींचे तीन ते चार टक्के घटेल असे म्हटले होते. वीस टक्के मिश्रणाला योग्य गाड्या एप्रिल २०२३ नंतर आल्या. रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या त्याआधीच्या. जुन्या स्कूटरच्या रबरी नळ्या आणि सील, महिना-दोन महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत ओढली जाणारी ओल, हे गॅरेजवाल्याला विचारावे. त्याच आराखड्यात आणखी एक शिफारस होती: असे इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावे. ती सोयीस्करपणे विसरली गेली. २०२५ मध्ये मंत्रालयाने सांगितले की इथेनॉलच महाग पडते, लिटरला सरासरी ७१ रुपये ३२ पैसे. इथेनॉल नको असेल तर शंभर ऑक्टेनचे महागडे पेट्रोल आहे, लिटरला दीडशे रुपयांच्या पुढे. पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली आणि परिवहनमंत्री नितीन गडकरी यांनी टीकेला पैसे देऊन चालवलेली मोहीम ठरवले. दुचाकीवरून कामाला जाणाऱ्याला हे पैसे कोणी दिले, ते त्यांनी सांगायला हवे होते.

ज्या ब्राझीलचा दाखला ऊठसूट दिला जातो, तिथे गोष्ट वेगळी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेला त्यांचा कार्यक्रम ऐंशीच्या दशकात इतका फोफावला, की विकल्या जाणाऱ्या दहापैकी नऊ नव्या मोटारी निव्वळ अल्कोहोलवर चालणाऱ्या होत्या. दशकाच्या अखेरीस साखरेला बाहेर भाव आला, कारखाने तिकडे वळले, पंप कोरडे पडले आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत मिळवायला २००३ मध्ये दोन्ही इंधने चालणाऱ्या गाड्या याव्या लागल्या. आज तिथला चालक पंपावर उभा राहून तोंडी हिशेब करतो: इथेनॉलचा दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तर इथेनॉल, नाहीतर पेट्रोल. शिवाय तिथला ऊस मुख्यत: पावसावर वाढतो. आपल्याकडे पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जागेवरचा ऊस सिंचनाचे सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणी पितो, असे कृषिमूल्य आयोगाने महाराष्ट्राबद्दल नोंदवून ठेवले आहे. ब्राझीलचा टक्का घ्यायचा तर ब्राझीलचा पाऊसही आणावा लागेल.

आणि हवामानाचा फायदा? मंत्रालय उसाच्या इथेनॉलमुळे ६५ आणि मक्याच्या इथेनॉलमुळे ५० टक्के उत्सर्जन घटते असे सांगते. अमेरिकेत मात्र मक्याच्या इथेनॉलचा २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. त्या पिकासाठी नव्याने नांगरलेली जमीन आणि वाढलेले खत धरले, तर ते पेट्रोलपेक्षा कमी प्रदूषणकारी नाही आणि बहुधा २४ टक्के अधिकच आहे. आपल्याकडचा आकडा ठरवताना जमिनीचा बदल आणि युरियाचे अनुदान कसे धरले, हे जाहीर झाल्याशिवाय त्या टक्क्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

मग दुसरे काय, असा प्रश्न लगेच येतो. एक एकर जमीन घ्या. चांगला शेतकरी त्यात ४० टन ऊस काढतो. सगळ्याचे इथेनॉल केले तर टनाला ७० लिटरने २,८०० लिटर. पेट्रोलवर पंधरा किलोमीटर जाणारी मोटार इथेनॉलवर दहा जाईल. म्हणजे वर्षाला २८ हजार किलोमीटर. त्याच एकरात, मेगावॉटला पाच एकर या हिशेबाने, सौर पॅनेल लावले तर वर्षाला तीन लाख युनिटच्या आसपास वीज होते. युनिटला सहा किलोमीटर जाणारी विजेची मोटार त्यावर अठरा लाख किलोमीटर धावेल. साठपटीहून जास्त, आणि पॅनेल धुण्यापलीकडे पाणी नाही. हे स्वप्नरंजन नव्हे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत पडीक जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे राज्य देतेच आहे. ज्या शिरूर अनंतपाळ किंवा आष्टीला उसाचे पाणीच नाही, तिथे हा पैसा अडीअडचणीला नक्की येतो.

विजेच्या गाडीचेही दोष आहेत, ते झाकू नयेत. देशातली बहुतेक वीज अजून कोळशाची. २०२५ मध्ये चीनने दुर्मिळ खनिजांच्या चुंबकांची निर्यात आवळली, तेव्हा पुण्याच्या बजाज ऑटोला विजेच्या स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. आखातावरचे अवलंबित्व बीजिंगकडे वळवून स्वयंपूर्णता येत नाही. रात्रीच्या साठवणुकीचा खर्चही आहेच. म्हणूनच एका इंधनावर सारी भिस्त नको, हा आमचा आग्रह. साखर कारखान्याकडेही मळीखेरीज बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची, वीज आहे, रस गाळून उरणाऱ्या प्रेसमडपासून वायू आहे. या दोन्हींसाठी जादा ऊस पिकवावा लागत नाही. तरीही राज्यातले साखरसम्राट त्यांच्या दरासाठी दिल्लीच्या वाऱ्या क्वचितच करतात. सहवीजनिर्मितीच्या खरेदी दरावर किती कारखाने वर्षानुवर्षे रडत आहेत, ते महावितरणला ठाऊक आहे.

आता घाई कशाची, तर ही. २०२५-२६ साठी डिस्टिलऱ्यांनी १,७७६ कोटी लिटर देऊ केले आणि घेतले गेले १,०४८ कोटी. सातशे कोटी लिटरहून अधिक क्षमता रिकामी, डोक्यावर कर्ज. हा दबाव मिश्रण सत्तावीस, तीस टक्क्यांवर नेण्यासाठी आणि डिझेलमध्येही अल्कोहोलजन्य इंधन घालण्यासाठी लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको. बुडीत कर्जे वाचवण्यासाठी इंधन धोरण आखले जाऊ नये. वीस टक्के ही कमाल मर्यादा म्हणून केंद्राने जाहीर करावी, किमान नव्हे. आणि पाऊस तुटेल त्या वर्षी टक्का आपोआप खाली येईल अशी तरतूद त्यातच असावी. तेल कंपन्यांच्या खरेदीत आधी मळी, मग खराब धान्य, मग बाकीचे, असा क्रम बांधावा. तुटीच्या खोऱ्यांत नव्या डिस्टिलरीला राज्याने परवानगी देऊ नये. प्रत्येक पंपावर मिश्रणाचा टक्का ठळक लिहावा, ऊर्जेच्या प्रमाणात दर कमी करावा आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल ठेवावे. इथेनॉलचे पुरवठा वर्ष १ नोव्हेंबरला सुरू होते आणि निविदा त्याआधी निघतात. हे निर्णय निविदेच्या आधी हवेत; कोटा वाटून झाला की मग समिती नेमली जाते.