हरलेला नट आणि हरलेला कामगार

चित्रपट अभिनेते व निर्माते अरबाज खान यांना २ जून २०१८ रोजी ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकासमोर हजर व्हावे लागले. डोंबिवलीतील छाप्यातून आयपीएल सट्ट्याचे प्रकरण बाहेर आले होते. त्यात बुकी असल्याच्या आरोपावरून सोनू जालान याला अटक झाली आणि तपासात या अभिनेत्याचे नाव निघाले. आपण सट्टा खेळलो आणि सुमारे पावणेतीन कोटी रुपये हरलो, असे त्यांनी जबाबात मान्य केल्याचे पोलिसांनी सांगितले. त्यांना अटक झाली नाही. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०१९ मध्ये, त्यांचा ‘दबंग ३’ पडद्यावर आला.

या बातमीवर कोणी हळहळले, कोणी खिदळले. एवढा मोठा माणूस कसा बुडाला, याची चर्चा वाहिन्यांपासून चहाच्या टपरीपर्यंत झाली. पण जो प्रश्न विचारायला हवा होता, तो बाजूलाच राहिला. प्रकरण सट्ट्याचे, मग तपास खंडणीविरोधी पथकाकडे का?

याचे उत्तर कायद्यात आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जुगारात जिंकलेले पैसे कोणालाही दावा लावून वसूल करता येत नाहीत. आपल्या भागात तर १८६५ च्या मुंबईच्या कायद्याने जुगारासाठी जाणूनबुजून दिलेली उसनवारीही बुडीत ठरवली आहे. म्हणजे बुकीला न्यायालयाचे दार बंद. मग वसुली कशी होते? धमकीने, दहशतीने, घरी माणसे पाठवून. सट्टा आणि खंडणी हे दोन वेगळे धंदे नाहीत. पहिला जिथे संपतो तिथे दुसरा सुरू होतो.

आता नट बाजूला ठेवू आणि आमच्या वस्त्यांकडे पाहू. ‘कल्याण मटका’ हे नाव कल्याण शहराला उगाच चिकटले आहे. १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगत याने तो सुरू केला, त्याच्या नावावरून हे नाव पडले. गिरणी कामगारांच्या पगारावर हा धंदा फोफावला. गिरण्या बंद झाल्या, तरी आकड्याची चिठ्ठी गेली नाही. ती चाळीतून झोपडपट्टीत आणि तिथून मोबाईलमध्ये शिरली. नाका कामगार, रिक्षाचालक, कंत्राटी सफाई कामगार हे तिचे आजचे गिऱ्हाईक आहेत.

हा माणूस पाच-पन्नास हजार हरतो तेव्हा काय होते? आधी बायकोचे मंगळसूत्र जाते, मग भिशीचे पैसे, मग मुलाची फी. तक्रार करायला तो पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही, कारण १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली जुगाराच्या अड्ड्यात सापडणे हाच गुन्हा आहे. तक्रार द्यायला गेलो आणि आपणच आरोपी झालो तर, ही त्याची भीती असते. आणि समाज काय म्हणतो? श्रीमंत हरला तर तो शौक. दलित, आदिवासी, गरीब हरला तर त्याची जात काढली जाते, त्याचे संस्कार काढले जातात. हरणे सारखेच, पण न्यायाची फूटपट्टी वेगळी. हीच विषमतेची मानसिकता आहे.

बाबासाहेबांनी हा प्रश्न नीतीच्या प्रवचनाने सोडवला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत राज्यसूचीतील ‘पैज व जुगार’ ही नोंद वगळावी, अशी मागणी काही सदस्यांनी केली. संविधानात जुगाराचे नावही नको, अशी त्यांची भावना होती. नोंद काढली तर जुगारावर नियंत्रणच उरणार नाही, ती ठेवली तर राज्य जुगाराला परवानगी देऊ शकेल किंवा बंदीही घालू शकेल, असे बाबासाहेबांनी त्यांना समजावले. नोंद राहिली. आज ती राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. म्हणजे जबाबदारी राज्य सरकारची आहे, आणि तिच्यातून कोणत्याही सरकारला हात झटकता येणार नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. त्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळवणाऱ्याला आहे आणि जाहिरात करणाऱ्यालाही आहे. जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पडद्यावरून ‘खेळा आणि जिंका’ सांगणारे तारे-तारका मानधन घेऊन मोकळे होत आणि कर्ज आमच्या पोरांच्या अंगावर येई. त्याला उशिरा का होईना, कायद्याने हात घातला. मग हाच न्याय मटक्याच्या अड्ड्याला का नाही? खेळणारा बळी आणि खेळवणारा गुन्हेगार, असा फरक राज्याने १८८७ च्या कायद्यातही केला पाहिजे, अशी आमची मागणी आहे.

तोपर्यंत कार्यकर्त्यांनी काही गोष्टी वस्तीवस्तीत सांगाव्यात. जुगाराचे देणे कायद्याने वसूल होत नाही. त्यापोटी घेतलेला कोरा धनादेश बँकेतून परत आला, तरी चेकच्या कलम १३८ ला कायद्याने वसूल होण्याजोगे देणे लागते. मात्र ते तसे नव्हते, हे दाखवण्याचा भार धनादेश देणाऱ्यावर असतो, म्हणून नोटीस आली की गप्प बसू नये. वसुलीसाठी धमकावणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली खंडणीचा गुन्हा ठरू शकतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे. ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे तो मागावा.

कोट्यवधी हरलेल्या नटाला पोलिसांनी खुर्ची दिली, त्याचे म्हणणे ऐकून घेतले. ते योग्यच झाले. आमचे म्हणणे इतकेच की पन्नास हजार हरलेल्या सफाई कामगारालाही तीच खुर्ची मिळाली पाहिजे. ती कोणी आपणहून देणार नाही. संघटित होऊनच ती मिळवावी लागेल.