रक्तपिशाच्चाचा रंग कोणता?

ऐन सणात रक्तपिशाच्चाचा विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. भुताच्या गोष्टीवाचून आपला दिवाळी अंक कधी पुरा झाला आहे?

ॲन राइस या अमेरिकन लेखिकेची १९७६ सालची 'इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर' ही कादंबरी २०२२ साली दूरचित्रवाणीची मालिका होऊन आली. तीत नायक लुई कृष्णवर्णी आहे आणि राइसबाईंच्या कादंबऱ्यांतला कीव्हचा आर्मां चक्क दिल्लीचा अरुण झाला आहे. झाले! काही रसिकांचे पित्त खवळले. मूळ कृतीशी ही बेइमानी आहे म्हणे! पिशाच्च शेकडो वर्षे जगते हे यांना खपते. त्याची कातडी सावळी असली की मात्र ते यांना अशक्य वाटते!

मूळ कृतीची एवढी चाड होती, तर १८७० साली ही मंडळी कोठे होती? त्या साली रिचर्ड बर्टनसाहेबाने आपल्या विक्रम-वेताळाचे इंग्रजी पुस्तक काढले आणि वेताळाला खुशाल 'व्हँपायर' करून टाकले. आपला वेताळ बिचारा प्रेतात राहून कोडी घालतो. त्या गोष्टींत विक्रमाच्या रक्ताला त्याने कधी तोंड लावलेले नाही.

आणि ज्या गोरेपणासाठी हा आटापिटा, ते तरी मुळात कसले? ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' १८९७ च्या मे महिन्यात लंडनात निघाला. त्यातल्या सरदाराचा फिकटपणा हा मढ्याचा फिकटपणा आहे. तो पूर्वेकडचा परका. लंडनच्या गर्दीत आपण परके म्हणून ओळखू येऊ नये, एवढ्यासाठी इंग्रजी घोटून बसणारा. तो येणार आणि इंग्रजांच्या बायकांचे रक्त नासवणार, ही त्या पुस्तकातली भीती. पुढच्याच महिन्यात, राणीच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. हिंदुस्थानची संपत्ती कशी शोषली जाते, याचा हिशेब दादाभाई नौरोजी त्याच काळात विलायतेत मांडत होते. अर्ध्या जगाचे रक्त पिणाऱ्या साम्राज्याला स्वप्न पडावे, की पूर्वेकडून कोणी आपले रक्त प्यायला येत आहे! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

शंभर-सव्वाशे वर्षांत मढ्याचा तो रंग देखणा ठरला. स्टेफनी मायरच्या २००५ सालच्या 'ट्वायलाइट'मधली पिशाच्चे संगमरवरी कांतीची, श्रीमंत, सभ्य आणि उन्हात चकाकणारी. (वधूच्या जाहिरातीत 'गोरी' हा शब्द आधी शोधणाऱ्या आपल्या घरांतही हा नवरदेव पसंत पडला असता!) उलट क्विलयूट या खऱ्याखुऱ्या आदिवासी जमातीची तपकिरी पोरे तेथे लांडगे होतात, आणि रागाला आवर न घालता येणारी. २००८ च्या चित्रपटात लॉरां या पिशाच्चाची भूमिका कृष्णवर्णी नटाला मिळाली खरी. पण हा लॉरां त्या गोऱ्या कुटुंबाबाहेरचा, आणि पुढच्याच चित्रपटात लांडगे त्याचा फडशा पाडतात. घराची अब्रू शाबूत!

आता लुईकडे वळू. कादंबरीतला लुई १७९१ सालचा लुइझियानातला मळेवाला, गुलामांचा धनी. त्याच्या मळ्यावर गुलामांचे रक्त प्याले जाते आणि कथा त्यावरून पुढे सरकते. वाचकाने हळहळायचे ते धन्याच्या उदास आत्म्यासाठी. १९९४ च्या चित्रपटातही तो आपल्या गुलाम मोलकरणीचा बळी घेतो. 'मूळ कृती, मूळ कृती' म्हणून गळा काढणाऱ्यांनी त्या बाईसाठी कधी टिपूस गाळल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. मालिकेतला लुई १९१० च्या न्यू ऑर्लिन्समध्ये वेश्यागृह चालवतो. खिशात पैसा आहे, पण गोऱ्यांच्या मेजावर बरोबरीची खुर्ची नाही. अशा माणसापुढे एक गोरा अमरत्व घेऊन उभा राहतो, तेव्हा तो त्याला मोकळे करतो आहे की नव्याने विकत घेतो आहे? हा प्रश्न जुन्या लुईला पडूच शकत नव्हता.

२०२५ साली रायन कूगलरने 'सिनर्स' हा चित्रपट काढला. काळ १९३२ चा, स्थळ मिसिसिपी. काळ्यांनी स्वतःच्या पैशांनी काढलेल्या गुत्त्यात गाणे रंगले आहे, आणि दाराशी गोरे पिशाच्च आले आहे. बोलावल्यावाचून पिशाच्चाला उंबरा ओलांडता येत नाही, हा नियम जुनाच. ज्या मुलखात काळ्या माणसाला गोऱ्याच्या पुढल्या दाराने आत जाण्याची सोय नव्हती, तेथे गोरा बाहेर ताटकळत उभा आहे आणि 'आत येऊ का?' म्हणून अजिजी करतो आहे.